पगार सोडून बोला

आमच्या कॉलनीतले गुणवंतकाका मोहोड नोकरी पाहायला जातात. स्वतःसाठी नाही. ते कधीचेच रिटायर झालेत, पेन्शन वेळेवर येतं आणि त्यांची कुणाबद्दल काही तक्रार नाही, फक्त संशय आहे. लग्न ठरण्याआधी चार माणसं जशी मुलाचं घर पाहून येतात, तसे काका कॉलनीतल्या पोरापोरींना लागलेली नोकरी पाहून येतात. कुणी बोलावलेलं नसतं. कुणाच्या घरी पेढ्यांचा डबा उघडला की काका दारात हजर. पेढा हातात घेणार, तोंडात टाकणार नाही आणि विचारणार, "पाहून आले का कोनी?"

"काय पाहायचं, काका?"

"जागा. मानसं. आनखी काय?"

यामागचं त्यांचं म्हणणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे काका मला बाई म्हणतात. ते म्हणाले, "बाई, पोट्टी सासरी जेवढी जागी राह्यते, त्याच्याहून जास्त येळ हापिसात राह्यते. सासर पाह्याले तुमी गाडी भरून जाता. इहीर पाहता, गोठा पाहता, सासू कशी बोलते थे पाहता. मंग हापीस पाह्याले काहून कोनी जात नाही?" 

पेढे वाटणारा बाप साहजिकच आधी पगार सांगतो. तो आकडा पूर्ण उच्चारू द्यायचा नाही, असा काकांचा नियम आहे. ट्रॅफिक पोलिसासारखा तळहात वर करतात आणि म्हणतात, "पगार सोडून बोला. पगार त जेलातल्या कैद्यालेबी भेटते."

आता पगार सोडून बोला म्हटल्यावर माणसं गोंधळतात. कुणी म्हणतं, एसी आहे. काका म्हणतात, "काहून लावला? खिडक्या उघडू द्याच्या नसन." कुणी सांगतं, पहिल्याच दिवशी कंपनीनं छान बॅग दिली. "बॅग देल्ली? म्हनजे काम घरी न्या लागन." एका हॉस्पिटलच्या रिसेप्शनमागे 'आम्ही सारे एक कुटुंब' अशी मोठी पाटी होती. तिथे लागलेल्या मुलीची आई ते कौतुकानं सांगत होती. काका डोळे बारीक करून म्हणाले, "इथं पानी मुरून राह्यलं, बापा. कुटुंब म्हनते म्हनजे सुट्टी देत नसन." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी सांगा बाई. घरच्या मानसाले कोनी सुट्टी देते का? तुमाले आहे का तुमच्या घरी?"

आमचे हे शेजारीच उभे होते. ते घाईनं नळ बंद करायला गेले.

पाहणीला जाताना काकांचा थाट असतो. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट-पायजमा, खांद्यावर दुपट्टा, पायात पॉलिश केलेल्या चपला आणि हातात मिठाईचा एक पुडा, कारण रिकाम्या हातानं कुणाच्या घरी जाऊ नये. या थाटामुळेच पंकजच्या वेळी घोटाळा झाला.

पंकज आमच्या समोरच्या घरातला. बी.कॉम. झाला आणि अकोल्यातच पाइप आणि मोटारपंपांच्या एका मोठ्या दुकानात त्याला अकाउंटचं काम मिळालं. दुकान तीन भावांचं, आणि सगळा कारभार पाहायचा धाकटा भाऊ, ज्याचं लग्न व्हायचं होतं. त्याच्यासमोर काका जाऊन बसले, मिठाईचा पुडा टेबलावर ठेवला आणि विचारायला लागले. दुकान स्वतःचं की किरायाचं? भाऊ एकत्र राहतात की वेगळे? वाटणी झाली का? काकांच्या डोक्यात सरळ हिशेब होता: भाऊ भांडले की दुकान फुटतं आणि नोकर उघड्यावर येतात. पण समोरच्याला ते कसं कळावं? आमच्या भागात असा दुपट्टेवाला, मिठाईवाला म्हातारा असे प्रश्न विचारतो तेव्हा त्याचा अर्थ एकच असतो. त्या मालकानं केसांवरून हात फिरवला. आत जाऊन शर्ट खोचून आला. पोरगा पाठवून गरम पोहे मागवले. काकांनी पुढे विचारलं, "खानंपिनं कसं आहे? म्हनजे प्यानं?" तो लाजून म्हणाला, "नाही जी, सुपारीसुद्धा नाही."

"रागराग करता का?"

"आईला विचारा," तो म्हणाला. आणि शेवटी न राहवून त्यानंच विचारलं, "मुलगी काय शिकलेली आहे?"

"पोट्टी?" काका म्हणाले. "पोट्टी कायची? पोट्टं आहे आमचं. उद्यापासून येऊन राह्यलं तुमच्याकडे."

पंकज लागला तिथे. नोकरी बरी आहे म्हणतो. पण मालक सुरुवातीला बरेच दिवस त्याच्याकडे जरा दुखावल्यासारखा पाहत असे.

काका जसे जगावर संशय घेतात, तशी कॉलनी काकांवर घेते. म्हातारा उगीच चपला झिजवत नसतो. कुणी म्हणे, ह्यांना पोरांच्या नोकऱ्या पाहवत नाहीत. कुणी म्हणे, ह्यांचा कुणी भाचा बेकार आहे, त्याच्यासाठी जागा हेरतात. माझा संशय वेगळा होता. काकांनी ज्यांना 'सोयरीक नोको' म्हणून सांगितलं, त्यात मुली जास्त होत्या. एकीला तर त्यांनी केवळ एवढ्यावरून परत आणलं होतं की बायकांच्या संडासाला आतून कडी नव्हती. मला वाटायचं, मुलींनी घराबाहेर पडावं हेच ह्यांना मनातून मान्य नाही, आणि कडी हे निमित्त आहे.

शिवाय ज्यांनी आयुष्यभर सुखाची नोकरी केली त्यांनी इतरांच्या नोकऱ्यांना नावं ठेवावीत, हे मला पटत नसे. काकांची नोकरी चिखलदऱ्याला. सरकारी खात्याचा डोंगरावर सिग्नल पाठवणारा टॉवर होता, त्याची देखभाल. थंड हवा, फुकटचं क्वार्टर, डोक्यावर साहेब नाही. लोक पैसे देऊन जिथे दोन दिवस जातात, तिथे हे पगार घेऊन राहिले. बायको आणि मुलगा अकोल्याला, मुलाच्या शाळेसाठी. काका खाली उतरले तोवर मुलगा हैदराबादला गेला होता आणि काकू थकल्या होत्या. आता त्याही नाहीत. त्या नोकरीबद्दल कुणी विचारलं तर काका एवढंच म्हणत, "होती एक."

तर आमच्या रेणूला नोकरी लागली तेव्हा मी ठरवलं होतं, काकांना कळू द्यायचं नाही. रेणू माझी एकुलती एक. एम.कॉम. होऊन घरी बसलेली. स्पर्धा परीक्षा देऊन देऊन पोरीचं बोलणं कमी झालं होतं. नातेवाइकांच्या लग्नांना येणं तिनं बंद केलं होतं, कारण तिथे सगळे एकच प्रश्न विचारतात. अशात अमरावतीच्या एका कंपनीतून होकार आला. संत्र्याचा रस काढणारी कंपनी, कारखाना मोर्शीकडे, ऑफिस अमरावतीत. आधी येऊन जागा पाहून जा, दुसऱ्या दिवशीपर्यंत कळवा, दुसरी एक मुलगी यादीत आहे, असं त्यांनी सांगितलं होतं. मी पेढेसुद्धा आणले नाहीत. पण रेणू सर्टिफिकेटांच्या झेरॉक्स काढायला गेली आणि झेरॉक्सवाल्याच्या बाकावर काका पेपर वाचत बसलेले.

संध्याकाळी दारात. "कधी जायाचं?"

मी मनात म्हटलं, हा माणूस माझ्या पोरीची नोकरी मोडणार. नाही म्हटलं तर मागून एकटा जाईल आणि आणखी घोळ करेल. त्यापेक्षा नजरेसमोर असलेला बरा. म्हणून रेणू, मी आणि काका असे तिघं सकाळच्या एसटीनं निघालो. मिठाईचा पुडा मी बसस्टँडवरच काढून माझ्या पिशवीत टाकला. मूर्तिजापूर येईपर्यंत काकांनी कंडक्टरला बोलतं केलं होतं. "ड्यूटी कशी आहे, बावा? पगार सोडून सांग." तो बिचारा रॉडला टेकून आपलं सगळं गाऱ्हाणं सांगत होता आणि मागच्या सीटवरचे लोक तिकिटासाठी ओरडत होते.

ऑफिसात शिरण्याआधी मी काकांना सांगितलं, "काका, हात जोडते. तुम्ही फक्त बसायचं."

"बसतो नं. पाहू त देसान?"

मॅनेजर काळेसर फोनवर होते, म्हणून आम्हाला बाहेरच्या मोठ्या खोलीत बसवलं. काका बसले ते डोळे फिरवतच. जरा वेळानं समोरच्या टेबलावरच्या मॅडमकडे गेले. पन्नाशीच्या, डोक्यावरून ओढणी, नाकावर उतरलेला चष्मा. काका अगदी हळू, पण मला ऐकू येईल असं म्हणाले, "मॅडम, बायांच्या बाथरूमले आतून कडी लागते का?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मॅडमनी चष्मा वर केला, काकांना नीट पाहिलं, मग रेणूकडे पाहिलं आणि त्यांच्या सगळं लक्षात आलं. म्हणाल्या, "लागते, चाचा. पहिले नाही लागत होती. मीच भांडून बसवून घेतली."

काका परत येऊन बसले. "हे बाई भांडते," ते माझ्या कानाशी म्हणाले. "चांगलं आहे."

त्या शबाना मॅडम. जेवणाची वेळ झाली तशा तिथल्या बायकांनी दोन टेबलं जोडली, वर पेपर अंथरला आणि डबे मधोमध उघडले. शबाना मॅडमनी न विचारता रेणूच्या हातात पोळी-भाजी ठेवली. रेणू संकोचत खात होती, आणि कुणीतरी काहीतरी बोललं त्यावर ती हसली. घरात मी ते हसणं बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. काका ते पाहत होते. मला खात्री झाली, आज सोयरीक पास.

मग काळेसरांनी आत बोलावलं. माणूस सज्जन. म्हणाले, रेणुकाची जागा खाली नाही, वर आहे. नवीन मजला बांधलाय, तिथे स्वतंत्र केबिन. कारखान्याचे सगळे हिशेब कॉम्प्युटरवर येतात, ते तिथेच बसून पाहायचे. आम्हाला वर नेऊन दाखवलं. काचेचं दार, एसी, नवीन खुर्ची, खिडकीला पडदा. मजल्यावर दुसरं कुणी नाही. "एकदम शांत," काळेसर म्हणाले. "तिला कुणाचा काही त्रास नाही. किल्लीसुद्धा तिच्याचकडे राहील."

माझा ऊर भरून आला. इतकी वर्षं नोकरी केली, मला शाळेत स्वतःचं कपाटसुद्धा मिळालेलं नाही. मी कौतुकानं रेणूकडे पाहिलं. ती पडद्याला हात लावून पाहत होती. आणि काका दाराशीच उभे होते. आत आलेच नाहीत.

"सायेब," ते म्हणाले, "हे पोट्टी एखाद दिवशी आली नाही, त कोनाले समजन?"

काळेसर हसले. "लगेच समजतं, काका. दारात अंगठ्याचं मशीन आहे. अंगठा लागला नाही की माझ्या मोबाइलवर मेसेज."

"मशीनचं नाही इचारलं. मानूस कोन इचारन?"

काळेसरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत, हे सोबत कुणाला आणलंय, असा प्रश्न स्पष्ट होता. मी काकांचा दुपट्टा धरला आणि अक्षरशः ओढत त्यांना खाली आणलं. मागून काळेसर रेणूला सांगत होते, उद्या सकाळपर्यंत कळवा.

ऑफिससमोरच्या चहाच्या टपरीवर मी तोंड सोडलं. लोक पाहत होते, पाहू देत. म्हटलं, "काका, तुमचं काय बिघडवलंय माझ्या पोरीनं? सगळं चांगलं आहे हे तुम्हाला दिसलं, आणि तेच तुम्हाला सलतंय. तिला स्वतंत्र खोली मिळते तर तुमच्या पोटात दुखतं. तुम्ही स्वतः आयुष्यभर काय केलं? डोंगरावर, शांत जागी, कुणाचा त्रास नाही, आरामात नोकरी केली. मग तिनं केली तर काय झालं?"

काकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. मला वाटलं होतं, उलटून बोलतील. त्यांची जीभ काही कमी नाही. पण ते रस्त्याकडे पाहत राहिले.

"आरामच व्हता, बाई," ते म्हणाले. "क्वार्टर व्हतं, मशीन व्हतं. मानूस नव्हता. हप्त्यातून एकदा जीप डिझेल घेऊन ये अन् चालली जाये. पावसाळ्यात थेबी येईच असं नाही. धुकं असं पडे का सोताचं अंगन दिसे नाही. मी मोठ्यानं बोलत जाओ. आवाज चालू आहे का नाही, थे पाह्याले."

रेणू कधी येऊन मागे उभी राहिली ते मला कळलं नाही.

"एका पावसाळ्यात मले टायफाइड झाला. खाटीवर पडून राह्यलो. वाटे, आज कोनी येईन, उद्या येईन. कोनी नाही आलं. काहून येईन? मशीन चालू व्हतं नं. खाली सिग्नल बराबर जाऊन राह्यला व्हता, म्हनजे गुणवंत मोहोड ठीक आहे. मंग मनात आलं, उठावं अन् एक बटन बंद करावं. मशीन बंद पडलं असतं, त सारं हापीस धावत आलं असतं."

"मग?" रेणूनं विचारलं. "केलं बंद?"

"ड्यूटी व्हती, बापा. कसा करू?" काकांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "जीपवाला आला मंग. त्यानं पाह्यलं."

टपरीवाल्यानं पैसे मागितले, मी दिले.  आमच्या कॉलनीतली सगळ्यात सुखाची नोकरी म्हणून ज्या नोकरीचं आम्ही नाव घेत होतो, ती ही होती. काकूंनासुद्धा त्यांनी हे सांगितलं असेल असं मला वाटलं नाही.

"काका, मग मी काय करू? नाही म्हणून सांगू?" रेणू म्हणाली.

काका दचकले. इतक्या पोरांचे निकाल फटाफट देणारा माणूस, पण यावेळी त्यांच्याकडे निकालच नव्हता. "नाही माय, सोडू नोको," ते घाईघाईनं म्हणाले. "नोकरी चांगली आहे. सायेब चांगला आहे. माह्यं काय, मी म्हातारा मानूस. माह्यं मनावर नोको घेऊ. तुह्यी माय बराबर म्हनते."

रेणूनं माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि रस्ता ओलांडून परत ऑफिसात गेली. आम्ही दोघं बाकावर बसून राहिलो. तिला बराच वेळ लागला. काका तर उठून जिन्यापर्यंत जाऊन आले.

ती आली ती हसतच. "मी हो म्हटलं. पण केबिन नको म्हणून सांगितलं. खाली शबाना मॅडमच्या बाजूला टेबल मागितलं."

"मग काळेसर?" मी विचारलं.

"म्हणाले, लोक केबिनसाठी भांडतात, तुम्ही अजबच आहात. पण बसा म्हणाले. मॅडमनी लगेच कपाट सरकवायला घेतलं."

मी तरीही साशंकच होते. एसी आणि काचेचं दार सोडून पोरगी फाइलींच्या ढिगात जाऊन बसली, ह्याचा मला पुढे बरेच दिवस खेद होत होता, आणि मी तो काकांना ऐकवतही असे. काका ऐकून घेत. रेणूनं अमरावतीला एका मुलीबरोबर खोली घेतली. कॉलनीत काकांच्या पाहण्या चालूच होत्या.

एके दिवशी दुपारच्या सुट्टीत शाळेत माझा फोन वाजला. "मी शबाना बोलते, रेणूच्या ऑफिसातून. पहिले तर घाबरू नका." असं म्हटलं की माणूस आधी घाबरतो. त्या सांगत होत्या, रेणू सकाळी आली नाही आणि फोनही उचलत नव्हती. जोडीची मुलगी गावाला गेलेली. "मले चैनच पडेना. मी काळेसरले सांगितलं आन् सरळ खोलीवर गेली. ताप इतका होता की दार उघडायला उठता येईना पोरीले. घरमालकाकडून दुसरी किल्ली घेऊन दार उघडलं. डॉक्टरकडे नेलं, सुई दिली. आता माझ्या घरी झोपली आहे. थोडी खिचडी खाल्ली. तुम्ही आरामात या."

मी अर्धी रजा टाकली, घरी येऊन चार कपडे पिशवीत कोंबले आणि निघाले. गेटपाशी काका होते. माझं तोंड पाहून त्यांनी विचारलं, "काय झालं, बाई?"

मी चालता चालताच सांगितलं. ते माझ्या बरोबरीनं, दुखरे गुडघे घेऊन, ऑटोपर्यंत आले.

"मॅडम सोता गेली? खोलीवर?"

"हो."

"कोनी पाठवलं नसतानी?"

"कुणी नाही, काका. रेणू दिसली नाही म्हणून गेल्या."

ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. काकांनी ऑटोचा दांडा धरून ठेवला होता. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"पुन्हा सांगा, बाई," ते म्हणाले. "सुरुवातीपासून सांगा."

बस चुकणार होती. तरी मी पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं.